वेदना, मॉर्फिन आणि व्यसन : कर्करुग्णांच्या उपचारातील एक अवघड प्रश्न

कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिनची गोळी लिहून दिली की घरातून येणारा पहिला प्रश्न सहसा मात्रेविषयी नसतो, ‘याची सवय तर लागणार नाही ना?’ हा असतो. डॉक्टरांनी दर चार तासांनी द्यावयास सांगितलेली गोळी मग कपाटाच्या वरच्या खणात जाते. रुग्ण कण्हू लागला, कूस बदलणेही अशक्य झाले, की ती काढून दिली जाते. रुग्ण घड्याळाकडे पाहू लागतो, गोळी केव्हा मिळणार म्हणून विचारू लागतो आणि घरच्यांना वाटते, बघा, लागलीच सवय.

हा समज बहुतेक वेळा चुकीचा असतो. बहुतेक वेळा, नेहमीच नव्हे. कर्करोगाच्या उपचारात अफूजन्य औषधांचा गैरवापर होत नाही, अशा रुग्णांना व्यसन लागूच शकत नाही, असे वैद्यकशास्त्र एके काळी छातीठोकपणे सांगत असे. आज तसे सांगता येत नाही. भीतीपोटी औषध नाकारले तर रुग्ण तळमळत राहतो आणि निष्काळजीपणाने दिले तर काही जणांना त्यातून बाहेर काढणे कठीण होते. या दोहोंमधून वाट काढण्यासाठी सवय, अवलंबित्व, गैरवापर आणि व्यसन या चार शब्दांची गल्लत आधी सोडवावी लागते.

अफूपासून मॉर्फिनपर्यंत

खसखशीच्या झाडाच्या हिरव्या बोंडाला चीर पाडली की पांढरा चीक पाझरतो. तो सुकून काळपट झाला की त्याला अफू म्हणतात. मराठी घराला यातील खसखस वाटणातून आणि अनारशांतून ठाऊक आहे, तशी अफूही अपरिचित नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ही मुले दिवसभर झोपून राहावीत म्हणून त्यांना अफूची बाळगोळी देत, ही गेल्या शतकाच्या पूर्वार्धातील नोंदलेली वस्तुस्थिती आहे. अफूविषयीची आपली भीती केवळ ऐकीव नाही. तिच्यामागे काही पिढ्यांचा अनुभव आहे.

या चिकातील वेदनाशामक घटक वेगळा काढण्याचे काम १८०५ च्या सुमारास फ्रीडरिख झेर्ट्युर्नर या तरुण जर्मन औषधनिर्मात्याने केले. ग्रीक पुराणातील स्वप्नांच्या देवावरून, मॉर्फिअसवरून, त्याला मॉर्फिन हे नाव मिळाले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर टोचणीची सुई आली आणि औषधाचा परिणाम जसा झटपट होऊ लागला तसे त्याचे व्यसनही. मॉर्फिनला निर्धोक पर्याय शोधण्याचे प्रयत्न तेव्हापासून सुरू आहेत, आणि त्यांचा इतिहास फारसा दिलासा देणारा नाही. १८९८ मध्ये बायर या जर्मन कंपनीने खोकल्यावरचे गुणकारी औषध म्हणून जे बाजारात आणले, त्याचे नाव हेरॉइन.

आज या कुटुंबात बरीच औषधे आहेत. मॉर्फिन आणि कोडीन थेट अफूतून मिळतात. ऑक्सिकोडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन अफूतील घटकांवर प्रक्रिया करून बनवतात. फेंटानिल, मेथाडोन, ट्रामाडोल ही पूर्णतः कृत्रिम आहेत. मेंदूत व मज्जारज्जूत ज्या ठिकाणी शरीराची स्वतःची वेदनाशामक द्रव्ये जाऊन बसतात, तिथेच ही औषधे बसतात. वेदना शमवणे, आतड्यांची हालचाल मंदावणे, श्वास मंद करणे आणि मनाला सुखद सैलपणा देणे ही कामे ती कमीअधिक प्रमाणात एकाच वेळी करतात. व्यसनाचे बीज त्या शेवटच्या कामात आहे.

कर्करोगाच्या वेदनेसाठी मॉर्फिन तोंडावाटे आणि नियमित वेळेला द्यावे, वेदना उफाळण्याची वाट पाहू नये, ही पद्धत रूढ करण्याचे मोठे श्रेय इंग्लंडच्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांना जाते. त्यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हे मरणासन्न रुग्णांसाठीचे शुश्रूषालय सुरू केले. वेदना केवळ शरीराची नसते, तिच्यात भय असते, पैशाची विवंचना असते, मागे राहणाऱ्यांची काळजी असते, असे त्या सांगत. व्यसनाच्या प्रश्नाशी या विचाराचा फार जवळचा संबंध आहे, तो पुढे दिसेल. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनाशमनाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आणि तिचे सूत्र जगभर गेले : तोंडावाटे, घड्याळाप्रमाणे, पायरीपायरीने. पॅरासिटामोलसारखी साधी औषधे, मग सौम्य अफूजन्य औषधे, मग मॉर्फिन, अशा त्या तीन पायऱ्या. २०१८ च्या सुधारित मार्गदर्शिकेत या पायऱ्यांचा काटेकोरपणा सैल करण्यात आला. तीव्र वेदना असेल तर खालच्या पायरीवर रुग्णाला अडकवून ठेवण्यात अर्थ नाही, हे त्यामागचे कारण.

सरावणे, अवलंबून असणे आणि व्यसन

मॉर्फिन काही आठवडे नियमित घेतले की शरीर त्याला सरावते. आधीच्या मात्रेने येणारी गुंगी, मळमळ कमी होते. कधी कधी वेदनाशमनासाठीही मात्रा थोडी वाढवावी लागते. हे सरावणे म्हणजे व्यसन नव्हे. त्याच काळात शरीर औषधावर अवलंबूनही होते, म्हणजे औषध एकदम बंद केले तर नाक गळणे, सारख्या जांभया, अंगावर काटा, घाम, पोटात कळा, जुलाब, रात्रभर तळमळ असा त्रास होतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या किंवा स्टेरॉइड एकाएकी थांबवले तरी शरीर असेच बंड करते. तिथे कोणी रुग्णाला व्यसनी म्हणत नाही. औषध टप्प्याटप्प्याने कमी केले की हा त्रास टळतो.

व्यसन ही वर्तनाची आणि मनाची गोष्ट आहे. औषधाची अनावर ओढ, ते घेण्यावरचा ताबा सुटणे, अपाय होतो आहे हे दिसत असूनही घेत राहणे, आणि हळूहळू आयुष्यातील इतर सर्व गोष्टी त्यामागे पडणे, ही त्याची लक्षणे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये व्यसनाचे निकष नव्याने मांडले तेव्हा, डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध घेणाऱ्याच्या बाबतीत सरावणे आणि औषध बंद केल्यावरचा त्रास हे दोन मुद्दे व्यसनाच्या मोजदादीत धरू नयेत, असे स्पष्ट केले. ही सुधारणा छोटी वाटते, पण तिच्याअभावी असंख्य रुग्णांवर खोटा शिक्का बसला असता.

या दोहोंच्या मध्ये गैरवापर येतो, आणि कर्करुग्णांच्या बाबतीत सर्वाधिक प्रश्न याच मधल्या पट्ट्यात उद्भवतात. वेदना नसताना झोप यावी म्हणून गोळी घेणे, तपासणीचा अहवाल येणार म्हणून जीव घाबरा झाला तेव्हा घेणे, घरात भांडण झाले म्हणून घेणे : यांतील कोणी नशेसाठी घेत नाही, पण औषध ज्यासाठी दिले त्यासाठीही घेत नाही. इंग्रजी वैद्यकीय लिखाणात यासाठी जो शब्दप्रयोग रूढ आहे त्याचा आशय असा, की रुग्ण दुःख पेलण्यासाठी रसायनाचा आधार घेतो. सॉन्डर्स ज्याला समग्र वेदना म्हणत, तिच्यातील भयाच्या आणि एकाकीपणाच्या वाट्यावर मॉर्फिनची गोळी चालत नाही. ती फक्त थोडा वेळ विसर पाडते. मात्रा वाढत जाते, वेदना मात्र ‘दहापैकी दहा’ एवढीच सांगितली जाते.

एका पत्राची कथा

‘वेदना असलेल्याला व्यसन लागत नाही’ हा विश्वास कसा पसरला, याची कथा वैद्यकशास्त्राला फारशी भूषणावह नाही. जानेवारी १९८० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात बोस्टनच्या जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचे पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. रुग्णालयात दाखल असताना अफूजन्य औषध मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, पूर्वी व्यसन नसलेल्या अवघ्या चौघांत व्यसनाची नोंद आढळली, एवढाच त्याचा आशय. हे रुग्ण रुग्णालयात होते, परिचारिकेच्या हातून मोजून औषध घेत होते. घरी गेल्यावर त्यांचे काय झाले याच्याशी पत्राचा संबंध नव्हता. पण पुढील काही दशकांत या पाच वाक्यांचा दाखला शेकडो लेखांनी दिला. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात या दाखल्यांची मोजदाद प्रसिद्ध झाली : एकूण ६०८ उल्लेख, आणि त्यांतील सुमारे ८० टक्क्यांनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते, हे सांगितलेच नव्हते.

या वातावरणात पर्ड्यू फार्मा या अमेरिकी कंपनीने १९९६ मध्ये ऑक्सिकोन्टिन बाजारात आणले. कर्करोगाच्या वेदनेत मिळालेले यश पाठदुखी, सांधेदुखी अशा दीर्घकाळच्या दुखण्यांना जसेच्या तसे लावण्यात आले. औषधाच्या व्यसनाच्या धोक्याविषयी दिशाभूल केल्याबद्दल कंपनीने २००७ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. तोवर अमेरिकेत गोळ्यांवरून हेरॉइनकडे आणि पुढे बेकायदा फेंटानिलकडे जाणारी साथ सुरू झालेली होती.

तिच्यावरचा उपाय म्हणून औषधे आवळली गेली तेव्हा ओढाताण झाली ती कर्करुग्णांची. २०१६ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने अफूजन्य औषधांविषयीची जी मार्गदर्शिका काढली, तिच्यातून चालू उपचारातील कर्करुग्ण आणि मरणासन्न रुग्ण स्पष्टपणे वगळलेले होते. तरीही औषध दुकानांनी आणि विमा कंपन्यांनी सरसकट हात आखडता घेतला, आणि २०१९ मध्ये केंद्राला पुन्हा खुलासा करावा लागला.

धोका कोणाला

कर्करोग म्हणजे काही महिन्यांचे आयुष्य, मग व्यसन लागले तरी काय बिघडले, हा युक्तिवाद एके काळी केला जाई. त्यातील दयाभाव खरा असला तरी त्याचा आधार आता उरलेला नाही. स्तनाच्या, तोंडाच्या, रक्ताच्या कर्करोगातून बरे झालेले किंवा रोगासह वर्षानुवर्षे जगणारे रुग्ण आज गावोगावी आहेत. शस्त्रक्रियेनंतर ओढलेला जबडा, किरणोपचाराने आखडलेली मान, केमोथेरपीमुळे हातापायांत येणाऱ्या मुंग्या आणि जळजळ हे दुखणे रोग गेल्यावरही राहते. अशा जुनाट दुखण्यावर वर्षानुवर्षे मॉर्फिन घेण्याचा लाभ थोडा आणि तोटा अधिक असतो. उपचार संपल्यावर औषध उतरवण्याची योजना हवी; ती नसते म्हणूनही कित्येक जण गोळीला चिकटून राहतात.

कोणाला धोका अधिक, याचे काही ठोकताळे आहेत. स्वतःच्या किंवा जवळच्या नातलगांच्या आयुष्यात दारूचे अथवा अन्य व्यसन, तरुण वय, नैराश्यासारखा मानसिक आजार, बालपणी सोसलेला लैंगिक अत्याचार यांची नोंद घेणारी छोटी प्रश्नावली डॉक्टर वापरतात. दारूविषयीचे चार प्रश्न त्याहून जुने आणि सोपे आहेत : पिणे कमी करावे असे कधी वाटले का, त्यावरून कोणी बोलले तेव्हा राग आला का, अपराधी वाटले का, आणि सकाळी उठल्याउठल्या घ्यावी लागली का. दोन उत्तरे होकारार्थी आली की डॉक्टर सावध होतात. कॅनडातील एडमंटन आणि नंतर अमेरिकेतील ह्यूस्टन येथे डॉ. एदुआर्दो ब्रुएरा यांनी कर्करुग्णांच्या वेदनेचे मूल्यमापन करताना व्यसनाचा पूर्वेतिहास विचारण्याचा आग्रह १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून धरला.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक टोकदार होतो, तो तंबाखूमुळे. तोंड, घसा आणि स्वरयंत्राच्या कर्करोगाचे रुग्ण भारतात मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांतील अनेकांच्या मागे तंबाखू, गुटखा, सोबत दारू असा वर्षांचा इतिहास असतो. ज्या रुग्णांना सर्वाधिक वेदना होतात, त्यांतच पूर्वीचे व्यसनही अधिक, असा हा योग आहे. फेणीचा घोट सर्दीपडशावर चालतो अशा समाजात ‘दारू पिता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर प्रामाणिकपणेही दिले जाऊ शकते, त्यामुळे प्रश्न जरा फिरवून विचारावा लागतो. आणि उत्तर ‘हो’ आले तर औषध नाकारण्यासाठी नव्हे, अधिक काळजीने देण्यासाठी ते उपयोगी पडावे. व्यसन असलेल्या माणसालाही हाडात पसरलेला कर्करोग तितकाच दुखतो. किंबहुना त्याचे शरीर आधीच सरावलेले असल्याने त्याला मात्रा अनेकदा अधिक लागते.

कोणत्या वागण्यावरून शंका घ्यावी? गोळ्या वारंवार ‘हरवणे’, ठरल्या तारखेच्या आधी पुन्हा मागणे, एकाच वेळी दोन-तीन डॉक्टरांकडून लिहून घेणे, सावकाश विरघळणारी गोळी फोडून किंवा चावून घेणे, वेदनेवरचे इतर सर्व उपाय धुडकावून एकाच औषधाचा आग्रह धरणे, रोगात बदल नसताना मात्रा चढत जाणे. पण नेमके यातील बरेचसे वागणे अपुरे औषध मिळणाऱ्या, तळमळणाऱ्या माणसाचेही असते. १९८९ मध्ये डेव्हिड वाइसमन आणि डेव्हिड हॅडॉक्स या अमेरिकी डॉक्टरांनी रक्ताच्या कर्करोगाच्या एका सतरा वर्षांच्या रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. त्याला औषध कमी आणि उशिरा मिळत होते. तो ओरडे, मागे लागे. कर्मचारी त्याला व्यसनी समजू लागले. या अवस्थेला त्यांनी आभासी व्यसन असे नाव दिले. पुरेशी मात्रा दिली की हे वागणे थांबते, ही त्याची कसोटी.

ही कल्पना शुश्रूषागृहांत कामाची ठरली आणि औषध कंपन्यांच्या हाती पडून घातकही. मागणी करणारा प्रत्येक जण खरा वेदनाग्रस्तच, तेव्हा मात्रा वाढवा, असा तिचा अर्थ लावण्यात आला. हॅडॉक्स पुढे पर्ड्यू कंपनीतच नोकरीला गेले, हे येथे नोंदवायला हवे. एका रुग्णाच्या हकिगतीवर उभ्या असलेल्या या कल्पनेची पुढे पद्धतशीर पडताळणी फारशी झाली नाही, अशी टीका तिच्यावर झाली. तरीही मूळ निरीक्षण खोटे नव्हते. म्हणून जाणता डॉक्टर मात्रा वाढवून मागणाऱ्या रुग्णाला आधी तपासतो : रोग वाढला आहे का, नवे हाड धरले आहे का, दुखणे नसेचे आहे का. ते सारे नसेल तर मग झोप, भीती आणि घरातील परिस्थिती यांविषयी विचारतो.

नसेच्या दुखण्यावर गॅबापेन्टिन किंवा अमिट्रिप्टिलीन, हाडातील गाठीवर किरणोपचाराची एकच मात्रा, स्वादुपिंडाच्या कर्करोगात पोटातील नसांच्या जाळ्यावर दिलेले इंजेक्शन, हे उपाय मॉर्फिनचा भार हलका करतात. गैरवापर खरोखर आढळला तरी औषध तोडून रुग्णाला बाहेर काढणे हा उपचार नव्हे. एकच डॉक्टर लिहून देईल, पुरवठा महिन्याऐवजी आठवड्याचा मिळेल, गोळ्या मोजल्या जातील, घरातील एक जबाबदार माणूस त्या कुलपात ठेवील, सोबत मानसोपचारतज्ज्ञ असेल, अशी चौकट आखली जाते. काहींना मॉर्फिनऐवजी ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन दिले जाते. ही दोन्ही औषधे वेदनेवरही चालतात आणि व्यसनाच्या उपचारातही.

पिकते तिथे मिळेना

भारताची अडचण मात्र बराच काळ उलटीच होती. अफूची कायदेशीर शेती करून तिचा चीक निर्यात करणारा भारत हा जगातील एकमेव देश. मध्य प्रदेशातील मंदसौर, नीमच, रतलाम आणि लगतच्या राजस्थानातील चित्तोडगड, प्रतापगड हा तिचा मुख्य पट्टा. उत्तर प्रदेशातही ती थोडी होते. कारखाने नीमच आणि गाझीपूर येथे आहेत आणि शेतकऱ्यांना परवाने देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचे मुख्यालय ग्वाल्हेरला. शिंदे-होळकरांच्या मुलखातील ही माळव्याची अफू एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ईस्ट इंडिया कंपनीची नाकेबंदी चुकवून पोर्तुगिजांच्या दमणला पोहोचे आणि तेथून मकावमार्गे चीनला जाई. दमणचा कारभार तेव्हा गोव्यातून चाले, त्यामुळे या व्यापाराचे धागे गोव्याच्या इतिहासातही सापडतात.

असे असूनही इंदूर-उज्जैनच्या रुग्णाला मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले, ते १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यानंतर. त्यातील किमान दहा वर्षांची सक्तमजुरी तस्करांसाठी होती, पण धसका घेतला रुग्णालयांनी आणि औषध विक्रेत्यांनी. राज्याराज्यांचे नियम वेगळे, परवाने अनेक, प्रत्येकाचे खाते निराळे, एक हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली. १९८५ मध्ये देशात वैद्यकीय वापरासाठी ७१६ किलो मॉर्फिन लागले होते. १९९७ मध्ये हा आकडा १८ किलोवर आला. या काळात शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरांच्या पिढ्यांनी मॉर्फिनची गोळी कधी लिहिलीच नाही. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगाने देशोदेशींची गरज आणि पुरवठा यांचा ताळा मांडला तेव्हा भारतात गरजेच्या ४ टक्के औषध पोहोचत होते, अमेरिकेत गरजेच्या तीस पटींहून अधिक.

गैरवापराची भीती कितपत खरी होती, याचे उत्तर केरळातून आले. कालिकतमध्ये १९९३ साली सुरू झालेल्या वेदनाशमन आणि उपशामक सेवेच्या संस्थेतून बाह्यरुग्णांना मॉर्फिनच्या गोळ्या घरी दिल्या जात. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले, की दोन वर्षांत अशा १,७२३ रुग्णांवर उपचार झाले आणि गैरवापराचे किंवा औषध बाहेर जाण्याचे एकही प्रकरण आढळले नाही. बोस्टनच्या पत्राचा धडा लक्षात ठेवून या आकड्याचाही अर्थ मर्यादितच घ्यावा : हे रुग्ण प्रशिक्षित डॉक्टर, परिचारिका आणि स्वयंसेवक यांच्या सततच्या नजरेखाली होते. तीच त्यातील मुख्य गोष्ट.

त्याउलट जी औषधे सहज मिळत होती, त्यांचा गैरवापर भारतात झाला. कोडीनयुक्त खोकल्याची औषधे, ब्युप्रेनॉर्फिनची इंजेक्शने आणि ट्रामाडोल यांनी पंजाबपासून ईशान्येपर्यंत हातपाय पसरले. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील सुमारे २.१ टक्के लोक अफूजन्य पदार्थ वापरत होते. त्यांत हेरॉइनच्या खालोखाल औषधी गोळ्या-इंजेक्शनांचा क्रम होता. ट्रामाडोल एप्रिल २०१८ मध्ये अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आणले गेले.

कायद्यात मूलभूत दुरुस्ती झाली ती २०१४ मध्ये. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे ‘अत्यावश्यक’ ठरवून त्यांचे नियम देशभर एकसारखे करण्यात आले. राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेल्या वैद्यकीय संस्थेला आता निरनिराळे परवाने घ्यावे लागत नाहीत. प्रशिक्षित डॉक्टर आणि काटेकोर नोंदवही मात्र असावी लागते. कायदा सुटसुटीत झाला तरी रुग्णालयांची भीड पुरती चेपली नाही. स्वस्त मॉर्फिन मिळत नाही आणि महागडी फेंटानिलची पट्टी मिळते, असा अनुभव अनेक शहरांत येतो.

उपशामक सेवेची परंपरा मराठी वाचकांच्या परिसरात आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, हैदराबादची एमएनजे कर्करोग संस्था, पुण्याच्या वारज्यातील १९९७ पासूनचे सिप्लाचे केंद्र ही त्यांतील ठळक नावे. डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला सुरू केलेले शांती आवेदना सदन हे देशातील पहिले शुश्रूषालय मानले जाते आणि त्याची शाखा गोव्यातही आहे.

घरी औषध असताना

नेमून दिलेली मात्रा नेमल्या वेळी द्यावी. वेदना नाही म्हणून टाळू नये, कारण ती औषधामुळेच नाही. मधेच कळ उठली तर घ्यावयाची जादा मात्रा डॉक्टरांनी वेगळी लिहून दिलेली असते. ती दिवसातून किती वेळा लागली हे वहीत टिपले तर पुढच्या भेटीत तोंडी सांगण्यापेक्षा ती वही अधिक उपयोगी पडते. पहिले काही दिवस मळमळ आणि झोपाळूपणा असतो, तो ओसरतो. बद्धकोष्ठ ओसरत नाही, म्हणून सारक पहिल्या दिवसापासून सुरू ठेवतात. कित्येक रुग्ण मॉर्फिन सोडतात ते व्यसनाच्या भीतीने नव्हे, तर या साध्या त्रासाने.

खरा धोका श्वासाचा. हाक मारूनही डोळे न उघडणे, श्वास अतिशय मंद होणे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे ही लक्षणे दिसली की वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. तिथे नॅलोक्सोनचे इंजेक्शन उतारा म्हणून काम करते. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्यास हा धोका वाढतो. मूत्रपिंड अशक्त असेल तर मॉर्फिनचे अंश शरीरात साचतात आणि मात्रा बदलावी लागते. उपचार संपून औषध उतरवताना ते हळूहळू उतरवतात. बराच काळ घेणाऱ्यांत दरमहा साधारण दहा टक्के कपात सोसते, त्याहून घाई केली तर जुने दुखणेही उसळल्यासारखे वाटते. औषध वेदनेसाठी नव्हे, मन शांत राहावे म्हणून घेतले जात आहे, असे रुग्णाला स्वतःला वाटू लागले, तर ते आपल्या डॉक्टरांना सांगणे ही कबुलीजबाबाची गोष्ट नाही. व्यसनमुक्तीसाठीची १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ या राष्ट्रीय दूरध्वनी सेवांवरही विनामूल्य बोलता येते.

गोळ्या कुलपात ठेवाव्यात, कारण रुग्णापेक्षा घरातील दुसऱ्याच कोणाच्या हाती त्या पडण्याची शक्यता पुष्कळदा अधिक असते : कॉलेजात जाणारा मुलगा, कंबर धरलेले आजोबा, लहान मूल. फेंटानिलची पट्टी तीन दिवसांनी काढली तरी तिच्यात औषध उरलेले असते. ती चिकट बाजू आत करून दुमडायची आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाकायची. अंगावर पट्टी असताना गरम पाण्याची पिशवी तिच्यावर ठेवली तर औषध एकदम रक्तात उतरते. आणि रुग्ण गेल्यानंतर घरात राहिलेल्या गोळ्या, अनेक कुटुंबे चांगल्या मनाने वाड्यावरच्या दुसऱ्या रुग्णाला नेऊन देतात. न सरावलेल्या शरीराला ती मात्रा झेपत नाही आणि कायद्यालाही ते मान्य नाही. ज्या संस्थेतून त्या मिळाल्या तिथे परत नेल्या की नोंदवहीत त्यांची नोंद होते आणि नियमाप्रमाणे त्या नष्ट केल्या जातात.